धंद्याने गरिबी हटेल काय?

‘गरिबी हटाव’ ही घोषणा १९७१ च्या निवडणुकीत देशभर गाजली, तेव्हा आम्हां विद्यार्थ्यांपैकी कोणाचा जन्मही झाला नव्हता. घोषणा जुनी झाली. गरिबी जुनी होऊनही गेली नाही. मधल्या काळात पालटले ते एवढेच की, ती कोणी हटवायची याविषयीचे लोकांचे मत. पूर्वी सगळे सरकारकडे बोट दाखवीत, आता उद्योगधंद्यांकडे दाखवितात. वर्गात, वक्तृत्व स्पर्धेत, वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत एकच सूर कानी पडतो: उद्योग येऊ द्या, बाजार मोकळा होऊ द्या, गरिबी आपोआप जाईल. याउलट, धंदा म्हणजे लूट आणि व्यापारी म्हणजे जळू, असे तितक्याच आवेशाने सांगणारेही आहेत. टाळ्या दोघांनाही मिळतात.

मला या लेखात दोघांशीही थोडे भांडायचे आहे. मी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. धंदा गरिबाचे काय करतो, हे अर्थशास्त्राचे पुस्तक हाती येण्यापूर्वीच मी पाहिलेले आहे. आणि जे पाहिले ते या दोन्ही मतांत पुरते बसत नाही.

प्रथम उद्योगवाद्यांचे म्हणणे घेऊ. ते पोकळ नाही. जागतिक बँकेच्या मोजणीप्रमाणे १९९० साली जगातील तिसऱ्या हिश्शाहून अधिक माणसे अतिदारिद्र्यात होती. २०१९ पर्यंत हे प्रमाण दहांत एकाच्या आसपास आले. यात सर्वांत मोठा वाटा चीनचा. तेथे १९७८ नंतर शेतकऱ्याला आपले जास्तीचे पीक बाजारात विकण्याची मोकळीक मिळाली आणि पुढे कारखान्यांनी कोट्यवधी हातांना काम दिले. एवढी माणसे दानधर्माने वर आली नसती, हे कोणीही प्रामाणिकपणे मान्य करील.

पण जगाची सरासरी ही आमच्या घाटातल्या पावसासारखी असते. जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, असे भूगोलाचे पुस्तक सांगते. ते खरेच आहे. आणि एप्रिल-मे महिन्यांत आमच्या पाड्यांवर पाण्याचे टँकर येतात, हेही तितकेच खरे आहे. पडले किती यावर माणसाची तहान भागत नाही. अडले किती, यावर भागते. पैशाचेही तसेच आहे.

जव्हार तालुक्यात वावर नावाचे गाव आहे. देशावर ‘वावर’ म्हणजे शेत, धान्य पिकते ती जागा. आमच्याकडच्या वावरचे नाव मात्र देशाला ठाऊक झाले ते उपासमारीमुळे. १९९२ साली वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके कुपोषणाने आणि त्यामागून आलेल्या आजारांनी दगावली. मुख्यमंत्री, मंत्री, अधिकारी, पत्रकार यांची रीघ लागली. योजना आल्या, कार्यालये आली. २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हाही झाला. तरी २०१६ साली मोखाड्यातल्या बालमृत्यूंच्या बातम्या पुन्हा पहिल्या पानावर आल्याच. आणि हे सारे मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास! देशातली सर्वांत मोठी बाजारपेठ जिथून एका दिवसात गाठून परत येता येते, तिथे मुले अन्नावाचून मरतात, याचा अर्थ काय लावायचा?

याचे नेहमीचे उत्तर असे की, या भागात उद्योगधंदा पोचलाच नाही. आदिवासी बाजारापासून दूर राहिला म्हणून मागे राहिला. मित्रहो, हे उत्तर मला साफ चुकीचे वाटते. धंदा आमच्याकडे केव्हाच पोचला आहे. जंगलातले लाकूड ठेकेदारांनी गाड्या भरभरून नेले. डोंगरातले गवत मुंबईच्या तबेल्यांना गेले. मोहाची फुले, डिंक, टेंभुर्णीची पाने आठवडा बाजारात मापाने गेली. मोखाड्याच्या हद्दीतल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी २०१४ पासून मुंबईला जाते. आणि दर वर्षी दिवाळीनंतर माणसे जातात. भिवंडी, वसई, कल्याण या बाजूंच्या वीटभट्ट्या, रेतीची आणि बांधकामाची कामे यांना लागणारे हात आमच्याच पाड्यांवरचे असतात. लाकूड, गवत, पाणी आणि माणूस या चारही मालांचा व्यवहार जिथे पिढ्यान् पिढ्या चालला, तो भाग बाजारापासून दूर कसा म्हणावा? तो बाजारात पुरता बुडालेला आहे. फक्त तराजूच्या ज्या बाजूला तो बसला आहे, ती बाजू नेहमी वर राहते.

असे का होते, हे समजून घ्यायचे तर बयाण्याची रीत पाहावी लागते. आमच्याकडे ‘स्थलांतर’ हा शब्द कोणी वापरीत नाही. माणसे ‘जगायला’ जातात. वरकस जमिनीत नागली, वरई, थोडे भात, उडीद, खुरासणी एवढे होते; पण ते वर्षभर पुरत नाही. आवणी आटोपली की श्रावण-भाद्रपदात कणगी रिकामी होते. त्याच सुमारास घरात दुखणे येते, सण येतो, एखादे लग्न ठरलेले असते. नेमक्या त्या दिवसांत भट्टीमालकाचा मुकादम पाड्यावर येतो आणि रोख पैसे हातात ठेवतो. हा बयाणा. तो घेतला की पुढच्या हंगामाची मजुरी ठरून जाते. दरही तोच ठरवितो आणि जागाही. दिवाळीनंतर नवरा, बायको आणि मुले भट्टीवर जातात. आठवड्याला खर्चीपुरते पैसे मिळतात आणि वैशाखाच्या अखेरीस हिशोब होतो. हजार विटांना अमुक दर, त्यातून बयाणा वजा, खर्ची वजा. हाती उरले तर नशीब. अंगावर फिरले तर पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी.

आता विचार करा, यात फसवणूक नेमकी कोठे आहे? मुकादमाने कोणाला बांधून नेलेले नाही. माणूस आपल्या पायांनी गेला, पैसे मोजून घेतले, दरही मान्य केला. पुस्तकी भाषेत हा दोन पक्षांमधला राजीखुशीचा करार झाला. तरीही तो न्याय्य नाही, हे कोणालाही दिसते. कारण त्यातल्या एका पक्षाला थांबता येते आणि दुसऱ्याला येत नाही. मालक आज मजूर मिळाला नाही तर उद्या दुसऱ्या पाड्यावर जाईल. आमच्या माणसाच्या घरात मात्र आज संध्याकाळी चूल पेटायची असते. ज्याला थांबता येत नाही, त्याला भाव सांगता येत नाही. या लेखात मला जे सांगायचे आहे ते इतकेच. गरिबी म्हणजे केवळ पैशाची टंचाई नव्हे. गरिबी म्हणजे थांबण्याची ताकद नसणे. आणि म्हणून कोणत्याही धंद्याची परीक्षा मी एकाच प्रश्नाने करीन: या धंद्याने गरिबाची थांबण्याची ताकद वाढली की घटली?

ही गोष्ट आमच्याच डोंगरातली नाही. १९७६ साली चित्तगावच्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकविणारे मुहम्मद युनूस शेजारच्या जोब्रा गावात गेले, तेव्हा त्यांना बांबूचे मोढे विणणारी एक बाई भेटली. बांबू घ्यायला पैसे नाहीत म्हणून ती व्यापाऱ्याकडून उसने घेई, आणि तयार मोढा त्यालाच, तो म्हणेल त्या दराने देई. दिवसभराच्या कष्टाचे तिला सुटत पन्नास पैसे. तिची कला, तिचे कष्ट, तिचा माल यांत काहीही उणे नव्हते; उणे होते ते बांबूच्या किमतीएवढे भांडवल. युनूस यांनी अशा बेचाळीस जणांची यादी केली, तर सगळ्यांची मिळून गरज निघाली सत्तावीस डॉलरांची! त्यातून १९८३ साली ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ साली युनूस व ती बँक यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. चित्तगावचा तो व्यापारी आणि आमच्याकडचा मुकादम यांनी एकमेकांना कधी पाहिले नसेल. पण दोघांचे शास्त्र एकच.

आपल्याकडे सरकारला हे शास्त्र समजले नव्हते असे नाही. वेठबिगारी रद्द करणारा केंद्राचा कायदा १९७६ चा. त्याच वर्षी महाराष्ट्राने आदिवासींची आर्थिक परिस्थिती सुधारण्याचा कायदा केला. आदिवासीचे उभे पीक आगाऊ पैसे देऊन पदरात पाडून घेण्याच्या रीतीला त्याने आळा घातला आणि एकाधिकार खरेदीची वाट उघडली. १९७२ साली स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळाकडे धान्याची खरेदी आणि पावसाळ्यातल्या अडचणीसाठी खावटी कर्ज ही कामे आली. कल्पना उत्तम होती: व्यापाऱ्याच्या आगाऊ पैशाच्या जागी सरकारचा आगाऊ पैसा. रोजगार हमीचे मूळही महाराष्ट्रातलेच. वि. स. पागे यांची कल्पना, १९७२ च्या दुष्काळातला अनुभव, १९७७ चा कायदा आणि पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी झालेला कायदा, हा इतिहास आपण परीक्षेसाठी पाठ करतो. पण परीक्षेत न विचारला जाणारा एक प्रश्न असा आहे की, हमीचे काम गावात असताना माणूस भट्टीवर का जातो? उत्तर सोपे आहे. भट्टीवाला कामाआधी पैसे देतो, सरकार कामानंतर. २००५ च्या कायद्यात पंधरा दिवसांत मजुरी देण्याचे बंधन होते, पण मजुरी महिना-दोन महिने अडकल्याच्या तक्रारी आमच्याकडे नेहमीच्या होत्या. मजुराला थांबायला लावणारी योजना, ज्याला थांबता येत नाही त्याच्या उपयोगी कशी पडावी? मालक वाईट असेल, पण तो वेळेवर येतो. सरकार चांगले असेल, पण ते उशिरा येते. उपाशी माणूस यांतून कोणाला निवडील, हे सांगायला नको.

मग धंद्याने काही चांगले होतच नाही काय? होते. माझा दुसऱ्या पक्षाशी वाद आहे तो येथे. जिथे धंदाच गरिबाला थांबण्याची ताकद देतो, तिथे तो सरकार आणि दानशूर या दोघांनाही मागे टाकतो.

दुधाचे उदाहरण घ्या. दूध हा मोठा दुबळा माल. सकाळचे दूध दुपारी नासते. म्हणून गवळी व्यापाऱ्यापुढे नेहमी नमणारच. १९४६ साली खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी आपला सहकारी संघ काढला, पुढे आणंदला दुधाची भुकटी आणि लोणी करण्याचा कारखाना उभा केला, तेव्हा काय झाले? दूध थांबू लागले! हिवाळ्यात जास्त आलेले दूध भुकटी होऊन उन्हाळ्याची वाट पाहू लागले. दारात दूध घातले की मोजमाप, आणि पैसे वेळेवर. ज्या मालाला दोन प्रहर दम नव्हता त्याला सहा महिने दम आला आणि तो दम मालकीने शेतकऱ्याचा होता. हा धंदाच आहे, धर्मादाय नव्हे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेले लिज्जत पापडाचे काम हाही धंदाच. पापड लाटून दिला की लाटणावळ लगेच हाती आणि प्रत्येक बाई त्या धंद्याची भागीदार. उधारीवर जगणाऱ्या बाईला रोजच्या रोज मिळणाऱ्या पैशाची किंमत किती, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही आलेखात दाखविता येणार नाही.

आणि आता घरचे उदाहरण. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचनला स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने दक्षिण गुजरातेतल्या वांसद्याच्या आदिवासी भागात ‘वाडी’चा प्रयोग केला, आणि १९९० च्या दशकात तो जव्हारकडे आणला. एका कुटुंबाला साधारण एक एकर वरकस जमिनीत आंबा आणि काजूची कलमे, बांधावर जंगली झाडे, मधल्या पट्ट्यात भाजीपाला किंवा नेहमीचे पीक. कलम लावल्यापासून फळ हाती यायला चार-पाच वर्षे लागतात. गरीब माणूस चार-पाच वर्षे कशी थांबणार? म्हणूनच तो आजवर आंबा लावीत नव्हता. आळस हे त्याचे कारण नव्हे. या प्रयोगाची खरी युक्ती झाडांत नाही. ती या मधल्या वर्षांना दिलेल्या आधारात आहे: खड्डे, बांधबंदिस्ती, कुंपण, पाण्याची सोय यांना मदत, आणि तोवर मधल्या पट्ट्यातून थोडेफार उत्पन्न. पुढे नाबार्डने २००३-०४ पासून आदिवासी विकास निधीतून हाच नमुना देशभर उचलला.

जव्हार-विक्रमगडच्या बाजूला काही शेतकरी मोगराही लावतात. पहाटे कळ्या खुडायच्या आणि गाडीने दादरच्या फूलबाजाराकडे रवाना करायच्या. भाव रोज वरखाली होतो, दलाल आपले काढून घेतो, हे खरेच. तरी बहर असतो तो नेमका उन्हाळ्याच्या तोंडाशी, जेव्हा शेजारपाजारची घरे कुलूप लावून भट्टीवर गेलेली असतात. ज्याच्या दारात मोगरा आहे आणि मोगऱ्याला पाणी आहे, त्याच्या घराला त्या काळात कुलूप नसते. मुले शाळेत असतात. आठवड्याला हाती पैसा येतो, तो थोडा असला तरी बयाण्याची गरज भागवितो. एक हांडा पाणी आणि एक फुलांची टोपली यांनी जे साधते, ते भाषणांनी साधलेले मी पाहिले नाही. अर्थात पाण्यावाचून मोगरा नाही, आणि पाणी मुंबईला जाते, हा त्यातला काटा आहेच.

येथे एका गोष्टीविषयी सावध राहिले पाहिजे. सहकार म्हटला की सर्वांचे भले झाले, असे मानण्याची आपल्याला सवय आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊस पिकविणारा शेतकरी खासगी कारखानदाराच्या हातून सुटला. ही महाराष्ट्राच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे. पण त्याच उसाला कोयता लावणारा बीडकडचा तोडणी कामगार दर वर्षी ‘उचल’ घेऊन, बैलगाडीवर संसार लादून घर सोडतो. ही उचल म्हणजे आमचा बयाणाच. कारखाना तोच, साखर तीच. ऊसवाल्याला थांबण्याची ताकद मिळाली, कारण तो सभासद झाला. तोडणीवाल्याला मिळाली नाही, कारण तो सभासद नव्हता. तेव्हा धंदा खासगी की सहकारी, हा प्रश्न पाटीवरच्या नावाने सुटत नाही. आतल्या वहीत गरिबाचे नाव कोणत्या पानावर लिहिले आहे, हे पाहावे लागते.

गरिबाला ग्राहक मानणाऱ्या मंडळींविषयीही दोन शब्द. सी. के. प्रल्हाद यांचे पिरॅमिडच्या तळाशी असलेल्या संपत्तीविषयीचे पुस्तक २००४ साली गाजले. छोट्या पुड्या करा, स्वस्तात विका, गरिबांची बाजारपेठ अफाट आहे, असा त्यातला एक विचार. रुपया-दोन रुपयांची शांपूची पुडी आमच्या पाड्यावरच्या टपरीवरही लोंबते. तिने कोणाचे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. पण पुडी विकत घेणाऱ्याला घाऊक बाटली का परवडत नाही, याचे उत्तर पुडीत नसते. गरिबाला विकणे सोपे. गरिबाकडून रास्त भावाने घेणे अवघड. आणि कर्ज हाही शेवटी विकायचा मालच. २०१० साली आंध्र प्रदेशात छोट्या कर्जांच्या कंपन्यांनी एकेका बाईला तीन-तीन ठिकाणचे कर्ज देऊन वसुलीचा असा तगादा लावला की सरकारला वटहुकूम काढावा लागला. जोब्रा गावात ज्या औषधाने गुण आला होता, तेच मात्रा चुकल्यावर विष झाले. त्या बाईला आठवड्याच्या हप्त्यासाठीही थांबता येत नव्हते.

मोठ्या कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीची सध्या फार चर्चा असते. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणे आवश्यक केले. त्यातून वर्गखोल्या, सौर दिवे, विंधणविहिरी होतात. मी त्यांना नाव ठेवणार नाही. सौर दिव्याखाली अभ्यास केलेली मुले आपल्या वर्गात आहेत. पण मला दोन टक्क्यांपेक्षा उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांविषयी जास्त कुतूहल आहे. ज्या इमारतीत बसून तो दोन टक्क्यांचा धनादेश सही होतो, तिच्या विटा कोणी पाडल्या आणि त्याचा हिशोब कसा झाला, हे त्या कंपनीने एकदा विचारले तरी पुष्कळ होईल. शंभर रुपयांच्या मालाला रास्त भाव देणारा व्यापारी मला पन्नास वह्या वाटणाऱ्या दात्याहून अधिक उपकारकर्ता वाटतो. दात्याचे आभार मानावे लागतात. रास्त भाव देणाऱ्याशी बरोबरीने बोलता येते.

यावर आपल्या प्राध्यापकांपैकी कोणी विचारतील की, मोगरा आणि काजू यांनी किती घरे सावरणार? खरा उपाय मोठे कारखानेच नव्हेत काय? आपल्याच जिल्ह्यात तारापूर-बोईसरची औद्योगिक वसाहत आहे, पलीकडे भिवंडीची गोदामे आहेत. तेथे नियमित पगार मिळतो. आक्षेप योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मिळणारा पगार ही थांबण्याची सर्वांत भक्कम ताकद होय. पण त्या दारातही दोन प्रकारची माणसे शिरतात. ज्याच्याकडे शिक्षण आहे, तांत्रिक प्रमाणपत्र आहे आणि घरी दोन महिन्यांचे धान्य आहे, तो बरी नोकरी मिळेपर्यंत वाट पाहतो. ज्याच्याकडे यांतले काही नाही, तो कंत्राटदाराच्या गाडीत बसतो. कारखाना एकच, एकाला तो शिडी होतो, दुसऱ्याला भट्टीच. म्हणून वाडी आणि कारखाना हे एकमेकांचे वैरी नाहीत. घरची वाडी असलेल्या बापाचा मुलगा कारखान्याच्या फाटकात ताठ मानेने उभा राहतो, एवढेच माझे म्हणणे.

आणखी एक ताकद आहे आणि ती पैशाने मिळत नाही. १९४५ साली उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी, गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेच्या झेंड्याखाली, वेठ आणि लग्नगडी यांच्याविरुद्ध उठाव केला. त्यातला गवत कापणीचा संप मला फार शिकविणारा वाटतो. गवत वेळेवर कापले नाही तर वाया जाते. रास्त मजुरी मिळाल्याशिवाय विळा उचलायचा नाही, असे सगळ्यांनी मिळून ठरविल्यावर प्रथमच थांबणे परवडेना ते मालकाला! त्या ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसे मेली. पण डोंगर पूर्वीचा राहिला नाही. एकट्याला जे दोन दिवस थांबता येत नाही, ते सर्वांना मिळून महिनाभर थांबता येते. आजच्या धंद्याच्या भाषेत त्याला शेतकरी उत्पादक कंपनी म्हणा, बचत गट म्हणा, की संघटना म्हणा.

आता आपल्यापुरते. आपण काय करू शकतो? मी माझ्या घरचा एक अनुभव सांगतो. माझे काका-काकू बरीच वर्षे एका भट्टीवर जात. दर वर्षी हिशोबाच्या दिवशी मालकाची वही बोले आणि आमची माणसे ऐकत. मी आश्रमशाळेत नववीला असताना दिवाळीच्या सुटीत एक वही रकाने पाडून काकांना दिली. त्यांची मुलगी पाचवीपर्यंत शिकलेली. तिची शाळा सुटली तीच मुळी भट्टीमुळे. तिने दर आठवड्याची खर्ची आणि पाडलेल्या विटा त्या वहीत लिहिल्या. वैशाखात दोन वह्या शेजारी ठेवल्या, तर मालकाच्या वहीत चार आठवड्यांची खर्ची जास्त लागलेली. तो रागावला, ओरडला. पण चारांपैकी दोन आठवड्यांची खर्ची त्याने कमी केली. रक्कम फार मोठी नव्हती. पण त्या वर्षी काकांच्या अंगावर बाकी फिरली नाही आणि पुढच्या पावसाळ्यात मुकादम आला तेव्हा काकांनी, ‘गणपतीनंतर सांगतो,’ असे उत्तर दिले. आमच्या घराण्यात मुकादमाला थांबायला सांगितल्याचा तो पहिला प्रसंग. पाचवीपर्यंतच्या शिक्षणाने जर एवढे साधते, तर पदवीने किती साधावे!

आपल्यापैकी बहुतेकांना नोकरी हवी आहे, मलाही हवी आहे. त्यात गैर काही नाही. पण पदवी घेईपर्यंतच्या तीन वर्षांत पावसाळ्याच्या शेवटी पाड्यापाड्यांवर जाऊन, भट्टीवर निघालेल्या कुटुंबांना हिशोबाची वही आणि ती भरण्याची रीत देणे आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाला अवघड नाही. आठवडा बाजारात खात्रीचा काटा घेऊन बसणे, मुंबई-नाशिकचे त्या दिवसाचे भाव फळ्यावर लिहिणे हेही आपल्याला जमेल. वाणिज्य शाखेच्या मित्रांनी आठ-दहा बचत गटांचे हिशोब तपासून दिले, तर त्यांचा अभ्यासही होईल. आणि वसतिगृहाच्या भोजनगृहात नागलीचे पीठ व्यापाऱ्याऐवजी गटाकडून, रोखीने आणि वेळेवर घेतले, तर महाविद्यालय हाही एक चांगला व्यापारी ठरेल.

तेव्हा धंद्याने गरिबी हटेल काय, या प्रश्नाला माझे उत्तर असे: जो धंदा गरिबाच्या निकडीवर उभा आहे, तो गरिबी हटविणार नाही, गरिबी हेच त्याचे भांडवल असते. जो धंदा वेळेवर पैसे देतो, माल साठवायला व टिकवायला गरिबाला मदत करतो आणि त्याला आपल्या वहीत भागीदार म्हणून लिहितो, तो ती हटवील, किंबहुना काही घरांतून त्याने ती हटविलीही आहे. वावरच्या मुलांना १९९२ साली अन्न हवे होते, आणि त्यांच्या आईबापांना श्रावण-भाद्रपदातले दोन महिने तग धरता येईल एवढी ऐपत हवी होती. ती ऐपत आजही पुष्कळ घरांत नाही. उद्योगपती, सरकार आणि आपण सुशिक्षित मंडळी यांनी आपापल्या कामाचा हिशोब त्या दोन महिन्यांवरून मांडावा.

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)